डीबीआय म्हणजे वॅट नव्हे

ड्रोनची रेंज वाढवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आठ डीबीआयचा अँटेना टाक, सिग्नल पॉवरफुल होईल." त्यावर दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा बूस्टर घे, दोन्ही एकच." दोन्ही एकच नाहीत. या गैरसमजापायी लोक चांगला चालणारा रिमोट उघडून बसतात, पैसे घालवतात आणि कधीकधी ड्रोनही घालवतात.

पॉवर बहुतेकांना कळते, म्हणून ती थोडक्यात. ट्रान्समीटर किती जोरात बोलतो ते मिलिवॅटमध्ये किंवा डीबीएममध्ये मोजतात. 100 मिलिवॅट म्हणजे 20 डीबीएम, 1 वॅट म्हणजे 30. दर 3 डीबीला (डेसिबलला) पॉवर दुप्पट होते. बूस्टर हा आकडा वाढवतो, त्यासाठी बॅटरी खातो आणि तापतो.

घोळ होतो तो गेनपाशी, म्हणजे अँटेनाच्या त्या डीबीआयच्या आकड्यापाशी. अँटेना हा नुसता धातूचा तुकडा. त्याला बॅटरी नाही, तो पदरचा एक मिलिवॅटही घालत नाही. मग ते आठ डीबीआय येतात कुठून? फुगवलेला फुगा दोन तळहातांत धरून वरून-खालून दाबून बघा. आतली हवा तेवढीच राहते, पण फुगा बाजूंनी रुंद होतो आणि वर-खाली चपटा. गेन म्हणजे हे दाबणं. सगळ्या दिशांना सारखंच फेकणारा एक काल्पनिक अँटेना धरायचा आणि आपला अँटेना स्वतःच्या सर्वांत जोरकस दिशेला त्याच्यापेक्षा किती जास्त देतो ते डीबीआयमध्ये सांगायचं. जाहिरातीत छापलेला आकडा त्या एकाच दिशेचा असतो. तिथे जे वाढलं ते दुसऱ्या कुठल्या तरी दिशेतून काढून घेतलेलं असतं.

रिमोटवरची साधी कांडी, म्हणजे डायपोल, घ्या. तिचा गेन सुमारे 2.15 डीबीआय. तिचा सिग्नल कांडीभोवती जाड कड्यासारखा पसरतो आणि टोकाच्या रेषेत जवळजवळ शून्य असतो. तरीही मैदानावर दर दुसरा माणूस कांडीचं टोक ड्रोनवर बंदुकीसारखं रोखून उभा असतो! सिग्नल टोकातून बाणासारखा सुटत नाही. कांडीची कूस ड्रोनकडे हवी; चपट्या पट्टीसारखा अँटेना असेल तर त्याची रुंद बाजू. अनेकांची "रेंज कमी आहे" ही तक्रार एवढ्याने मिटलेली मी पाहिली आहे, एक पैसाही खर्च न करता. उभी कांडी धरून ड्रोन थेट डोक्यावर नेला की त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र का फुटतं, त्याचंही कारण हेच. आणि जास्त गेनची लांब कांडी लावली तर डोक्यावरची ही पोकळी आणखी रुंदावते.

पॅच अँटेनात, म्हणजे एकाच बाजूला तोंड असलेल्या चपट्या पाटीसारख्या अँटेनात, फुगा एकाच बाजूला दाबलेला असतो. 8 डीबीआयच्या पॅचचा झोत साधारण 65 ते 75 अंशांचा. ड्रोन त्यात आहे तोवर उत्तम. पाठीमागून वळसा घालून आला आणि तुम्ही पॅच फिरवला नाही, तर साध्या कांडीपेक्षाही वाईट अवस्था होते.

आता बूस्टर आणि अँटेना या दोघांतला खरा फरक. दोन माणसं मैदानाच्या दोन टोकांना उभी आहेत. एकाच्या हातात भोंगा दिला तर त्याचं बोलणं दूर जाईल, पण समोरच्याचं बोलणं त्याला तसूभरही जास्त ऐकू येणार नाही. त्यानेच कानामागे तळहात धरला तर मात्र ऐकू येणंही सुधारतं. बूस्टर हा भोंगा आहे. अँटेनाचा गेन पाठवताना आणि ऐकताना सारखाच लागू पडतो.

ड्रोनचं संभाषण दोन बाजूंनी चालतं. रिमोटकडून आज्ञा वर जातात, ड्रोनकडून चित्र खाली येतं. बऱ्याचदा आधी दम सोडतं ते चित्र, कारण त्यात माहिती कितीतरी जास्त असते. माझ्या एका मित्राने रिमोटला बूस्टर बसवला होता. ड्रोन आज्ञा व्यवस्थित पाळत होता, पण चित्र पूर्वीच्याच अंतरावर फुटत होतं, कारण चित्र पाठवणारा ट्रान्समीटर ड्रोनवर होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. दुतर्फा बूस्टर मिळतात हे खरं, पण ऐकताना ते सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतात. पॅच मात्र पाठीमागून येणारा वायफायचा गोंगाट मुळातच कमी ऐकतो.

हिशेबही डोक्यात असू द्या. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट करायला 6 डीबी लागतात, म्हणजे चौपट पॉवर. 100 चे 200 मिलिवॅट केल्याने रेंज दुप्पट होत नाही, सुमारे 1.4 पट होते. उलट 2 च्या जागी 8 डीबीआयचा अँटेना लावला की तेच 6 डीबी दोन्ही दिशांना मिळतात. म्हणून माझं मत ठाम आहे: जमिनीवर गेन वाढवा आणि पॉवर वाढवायचीच असेल तर ड्रोनवर वाढवा. ड्रोन सतत वळत असतो, त्याच्यावर सर्व दिशांना बघणारा अँटेनाच हवा.

बाकीचे गोंधळ किरकोळ. दोन्ही टोकांचं पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, एकच ठेवा. उजव्या वळणाच्या गोलाकार अँटेनासमोर डाव्या वळणाचा लावला तर 20 डीबीच्या आसपास सहज जातात. बारीक केबल लांबवू नका, 2.4 गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला तसली एक मीटर केबल सुमारे 2 डीबी गिळते. आणि कनेक्टर. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना जोडायच्या स्क्रूचे दोन प्रकार, त्यांचे आटे सारखेच असतात. चुकीची जोडी केली तर कधी दोन्हीकडे मधोमध नुसतं भोकच येतं. स्क्रू छान घट्ट बसतो, पण आत धातूला धातू टेकतच नाही. मधली पिन कुठे आहे ते उजेडात धरून बघितल्याशिवाय अँटेना मागवू नका.

गेन म्हणजे पॉवर नव्हे, पण कायद्याच्या हिशेबात दोघांची बेरीज होते. अनेक देशांत मर्यादा असते ती अँटेनातून एका दिशेला प्रत्यक्ष किती बाहेर पडतं यावर. 20 डीबीएमच्या ट्रान्समीटरला 2 डीबीआयची कांडी असेल तर ते 22 डीबीएम, म्हणजे सुमारे 160 मिलिवॅटइतकं धरतात. तिथेच 8 डीबीआयचा पॅच लावला की 28 डीबीएम, सुमारे 630. ट्रान्समीटरला हात न लावताही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी वाचा. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचं बंधनही बहुतेक ठिकाणी आहेच. वाढीव सिग्नल झाडाआड, भिंतीआड तग धरण्यासाठी वापरा. आणि जुना अँटेना काढण्याआधी बॅटरी काढा. अँटेनाशिवाय चालू केलेल्या ट्रान्समीटरची ऊर्जा उलटून त्याच्याच अंगावर येते आणि शेवटच्या टप्प्याची चिप जळून जाऊ शकते.