दोनशे गुणांचे अंतर

बुद्धिबळाच्या स्विस पद्धतीच्या स्पर्धेत, म्हणजे हरलेला खेळाडू बाद न होता पुढच्या फेऱ्या खेळतो अशा स्पर्धेत, पहिल्या फेरीच्या जोड्या लावताना मानांकनानुसार, म्हणजे खेळाडूच्या बळाच्या अंकांतील मोजमापानुसार, यादी केली जाते आणि वरच्या अर्ध्या भागातील पहिला खेळाडू खालच्या अर्ध्या भागातील पहिल्या खेळाडूशी खेळतो. त्यामुळे भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी ज्या सांगलीत हा खेळ रुजवला, तेथेही अशा स्पर्धेच्या आरंभी विषम बळाचेच डाव दिसतात. पाहणारे त्यांचा निकाल गृहीत धरतात. गणित मात्र तसे करत नाही.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार 1900 मानांकनाच्या खेळाडूकडून 1700च्या खेळाडूविरुद्ध प्रत्येक डावात सरासरी 0.76 गुणांची अपेक्षा असते, तर दुबळ्याकडून 0.24 ची; विजयाला एक गुण आणि बरोबरीला अर्धा. ही जिंकण्याची शक्यता नव्हे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. शंभर डावांत 12 विजय आणि 24 बरोबऱ्या झाल्या, तरी बेरीज 24 गुणच होते. डावानंतर मानांकन किती बदलावे हे ठरवणारा गुणक 20 असेल, तर बलवानाच्या मानांकनात विजयाने 4.8 गुणांची भर पडते, परंतु बरोबरीने त्यातून 5.2 गुण गमवावे लागतात. बलवानावरील दडपणाचे मूळ येथे आहे.

मग हे बळ येते कोठून? मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून मोहरी आठवणीने मांडायला सांगितले. खऱ्या डावातील स्थिती निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली, पण मोहरी वाटेल तशी विखुरलेली असताना त्याची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची सर्वसाधारण स्मरणशक्ती असामान्य नसते. किल्लेकोट करून, म्हणजे हत्तीसह एकाच खेळीत कडेला नेऊन, सुरक्षित केलेल्या राजाभोवतीची प्यादी, हत्ती आणि घोडा तो एकच ओळखीचा आकृतिबंध म्हणून पाहतो.

म्हणूनच बरोबरीच्या आशेने भराभर मोहऱ्यांची मारामारी करून पट मोकळा करण्याचा दुबळ्या खेळाडूचा मार्ग मला चुकीचा वाटतो. हत्ती आणि प्याद्यांच्या अंतिम टप्प्यातील स्थिती बलवानाने पुष्कळदा अभ्यासलेल्या असतात, आणि तेथे एका खेळीच्या उशिराने बरोबरीचा डाव हातचा जातो. त्यापेक्षा वजीर पटावर ठेवून, दोघांनाही प्रत्येक खेळी मोजावी लागेल अशी गुंतागुंतीची स्थिती त्याने स्वीकारावी; बलवान तेथेही अधिक खोल मोजेल, परंतु ओळखीच्या आकृतिबंधांचा आधार त्याला कमी मिळेल.