राउटर बंद करण्याआधी लॉग वाचा

घरच्या राउटरमध्ये कोणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न करतंय अशी शंका आली, की बहुतेकांचा हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करून चालू केलं की बरं वाटतं. आमची कळकळीची विनंती आहे, लगेच तसं करू नका. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद, तात्पुरत्या मेमरीत असते आणि वीज तुटली की पुसली जाते. चोराच्या पावलांचे ठसे दिसत असतानाच अंगण झाडून टाकण्यासारखं ते होतं.

राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर, जायचा पत्ता खालच्या किंवा मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा). स्टिकर पुसट झाला असेल तर मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' किंवा 'राउटर' यासमोर तोच पत्ता सापडतो. आत गेल्यावर 'सिस्टिम लॉग' शोधा. तो 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'सिस्टिम टूल्स' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' यांपैकी एखाद्या भागात असतो. सापडला की आधी सेव्ह करा. सेव्हचं बटण नसेल तर मोबाइलने सरळ स्क्रीनचे फोटो काढा.

वाचायला लागण्यापूर्वी राउटरचं घड्याळ बघा. इंटरनेटवरून वेळ मिळाली नसेल तर काही राउटर १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात, काहींचा टाइम झोन चुकलेला असतो. 'पहाटे तीनला कोण आलं होतं' या काळजीत रात्र काढावी आणि ती वेळ खरं तर सकाळी नाश्त्याची निघावी, असं होतं.

आता मुख्य गोष्ट. लॉगमध्ये 'लॉगिन फेल्ड' अशी ओळ दिसली की तिच्या शेजारचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा उपकरणाचा आकड्यांचा पत्ता, वाचा. तो १९२.१६८ ने किंवा १० ने (पहिल्या टिंबाआधी नेमके १०, १०३ वगैरे नव्हे) सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांच्या दरम्यान असेल, तर प्रयत्न बहुधा घराच्या आतून झालाय. तुमच्याच वायफायवरचं एखादं उपकरण आहे ते. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तोच पत्ता कोणाचा आहे ते बघा. आमच्या एका ग्राहकाच्या लॉगमध्ये रोज संध्याकाळी अशा चार-पाच ओळी यायच्या. शोधता शोधता घरातला जुना फोन सापडला. त्यात राउटरचं अ‍ॅप होतं आणि अ‍ॅपमध्ये बदलण्याआधीचा पासवर्ड. यादीत अनोळखी नाव दिसलं तरी आधी घरचे फोन मोजा, कारण हल्लीचे फोन वायफायला जोडताना आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाची कायमची ओळख) न देता बनवलेला पत्ता देतात. सगळे मोजून झाले आणि तरी एक उरलं, तर वायफायचा पासवर्ड बदला.

पत्ता या गटांबाहेरचा असेल तर आणखी नीट वाचा. नुसतं 'पोर्ट स्कॅन' (उघडी वाट शोधणं) किंवा 'ड्रॉप्ड' (अडवलं) लिहिलेलं असेल तर बाहेरून कोणी कडी वाजवली आणि दार बंदच राहिलं. इंटरनेटवर हे दिवसरात्र चालू असतं, त्याने झोप उडवून घेऊ नका. पण बाहेरच्या पत्त्यावरून 'लॉगिन फेल्ड' येत असेल, तर तुमचं लॉगिनचं पान बाहेरच्या जगाला दिसतंय. 'रिमोट मॅनेजमेंट' ही बाहेरून राउटर उघडू देणारी सेटिंग त्याच दिवशी बंद करा, टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू असेल तर तेही.

हे करणारी बहुधा यंत्रंच असतात, तुमच्याशी त्यांचं वैर नसतं. २०१६ साली पसरलेला 'मिराई' हा घातक प्रोग्रॅम टेलनेटवरून साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून बघायचा, आणि तेवढ्यावर लाखो कॅमेरे, राउटर त्याच्या ताब्यात गेले. तो मेमरीतच राहायचा, त्यामुळे रीस्टार्ट केल्यावर जायचाही. पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत यायचा. म्हणून स्टिकरवरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही, आणि सर्वात जास्त गफलत इथेच होते.

खरी धोक्याची ओळ 'लॉगिन सक्सेस' ही आहे. ती बाहेरच्या पत्त्यावरून असेल, किंवा घरात कोणीच राउटर उघडला नव्हता त्या वेळची असेल, तर लॉग सेव्ह करून बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. त्याआधी कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर रीसेटनंतर नेटच सुरू होणार नाही. नवा अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवा, मगच वायर जोडा आणि लगेच फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. जुन्या बॅकअपवरून सेटिंग परत आणू नका, बिघडवलेली सेटिंगही त्यातून परत येऊ शकते.

लॉग कोरा दिसला तरी राउटरच्या सेटिंगमधले डीएनएसचे पत्ते एकदा तपासा. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देतो तो डीएनएस. ओळी भरल्या की जुन्या नोंदी गळून पडतात, पण बदललेला डीएनएस तसाच राहतो. तो बदलून बँकेचा बरोबर पत्ता टाकणाऱ्यालाही खोट्या पानावर नेता येतं. तिथले आकडे तुमच्या इंटरनेट कंपनीचे किंवा तुम्ही स्वतः टाकलेले नसतील तर राउटरमध्ये कोणी शिरलं होतं असंच धरा आणि वरच्याप्रमाणे रीसेट करा.

आम्हाला फोन कराल तेव्हा लॉगचे फोटो आणि स्टिकरवरचा मॉडेल नंबर जवळ ठेवा. फोटोत पासवर्ड दिसत असेल तर तो झाकून पाठवा. आमच्याकडचं कोणीही तो विचारणार नाही.