रंगमंचावरचा अमुंडसेन आणि बर्फावरचा अमुंडसेन

‘टेरा नोव्हा’ या एकाच नावाने दोन गोष्टी ओळखल्या जातात. एक म्हणजे रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची १९१० ते १९१३ ची दक्षिण ध्रुव मोहीम. हे तिच्या जहाजाचं नाव. दुसरी म्हणजे टेड टॅली या अमेरिकन लेखकाचं, १९७७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रंगमंचावर आलेलं नाटक. माझं या नाटकावर प्रेम आहे, म्हणूनच कोणी त्याला इतिहास समजून बसलं की मन खट्टू होतं.

नाटकात स्कॉट आणि त्याचा प्रतिस्पर्धी, नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन, समोरासमोर उभे राहतात, वाद घालतात. प्रत्यक्षात ते दोघं कधी भेटलेच नाहीत. मार्च १९१० मध्ये स्कॉट नॉर्वेला गेला होता, अमुंडसेनला भेटायची त्याची इच्छा होती. पण अमुंडसेनने भेट टाळली. उत्तरेला निघतोय असं जगाला सांगून तो मनात दक्षिणेचा बेत आखत होता. स्कॉटला ते कळलं ऑक्टोबरमध्ये, मेलबर्नला पोचल्यावर, एका त्रोटक तारेतून. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. तिथल्या तंबूत स्कॉटसाठी चिठ्ठी होती: सोबतचं पत्र नॉर्वेच्या राजाकडे पोचवावं.

मग रंगमंचावर बोलतो तो कोण? तो स्कॉटच्या मनातला अमुंडसेन आहे. अख्खं नाटक मरणाच्या दारातल्या स्कॉटच्या डोक्यात घडतं. बायको कॅथलीन तिथे येते तशीच ही सावलीही येते. स्कॉटने स्वतःला विचारायला हवे होते ते प्रश्न ती विचारते. हे एकदा ध्यानात आलं की नाटकाची खरी ताकद जाणवते.

बर्फावरचा अमुंडसेन मात्र सावली नव्हता, कसलेला माणूस होता. पाच माणसं, ५२ कुत्रे, स्की आणि एस्किमोंकडून शिकलेला फरचा पोशाख. वाटेत कुत्रे मारून त्यांचं मांस माणसांना आणि उरलेल्या कुत्र्यांना घालायचं, हे आधीच ठरलेलं. परतले ते अकराच कुत्रे. त्यावरून ‘निर्दय अमुंडसेन, कोमल स्कॉट’ अशी जोडी लावतात, ती मला पटत नाही. स्कॉटनेही आपली तट्टं बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्यापर्यंत नेऊन गोळ्या घातल्या आणि त्यांचं मांस खाल्लं. पुढे मात्र माणसांनीच स्लेज ओढल्या. ध्रुवावर पोचलेले स्कॉटसह पाचही जण परतीच्या वाटेवर मरण पावले. शेवटच्या तिघांचा तंबू मोठ्या अन्नसाठ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर होता.

तो तंबू १२ नोव्हेंबर १९१२ ला सापडला. शोधपथकाबरोबर भारतातून मागवलेली खेचरं होती, त्यांची नावं गुलाब, बेगम, राणी, लाल खान अशी.

शर्यतीच्या गोष्टीत मोहिमेतलं विज्ञान मागे पडतं. उपाशी माणसांनी सुमारे सोळा किलो दगड शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे जीवाश्म होते. त्याच वनस्पतीची पानं नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही सापडतात, कारण अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते.