पाठलागाची मस्टँग आणि ‘स्पेशल सर्व्हिस’ नावाचा घोळ

फोर्डच्या मस्टँग या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या जुन्या पोलिसी प्रकाराचा विषय निघाला की दोन प्रश्न हटकून येतात. ही गाडी खरंच कारखान्यातूनच पोलिसांसाठी तयार होऊन यायची का? आणि यायची, तर तिच्या नावात ‘पोलीस’ हा शब्द कुठेच का नाही?

आधी थोडं मागचं. 1969 मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांकडे 7.2 लिटर इंजिनाची डॉज पोलारा होती. चाचणीत ती तासाला 147 मैल, म्हणजे सुमारे 237 किलोमीटर वेगाने पळाली. पुढच्या दहा वर्षांत तेलसंकट आलं, अमेरिकाभर 55 मैलांची वेगमर्यादा आली आणि धुराचे नियम कडक झाले. कॅलिफोर्नियाचे नियम तर देशापेक्षाही कडक. 1980 ची डॉज सेंट रेजिस नेमकी त्यात अडकली. तिला तिथे 5.2 लिटरच्या इंजिनावर भागवावं लागलं आणि एवढ्या जड गाडीला ते पुरेना.

ही तक्रार किती गंभीर होती, हे कळायला तिथली कामाची पद्धत माहीत हवी. रडार वापरण्यावर त्या राज्याच्या विधिमंडळाने दीर्घकाळ मर्यादा ठेवल्या होत्या. त्यामुळे वेग मोजायचा तो मागे लागून. शिपायाने समोरच्या गाडीला गाठायचं, काही अंतर तिच्याच वेगाने मागे राहायचं आणि आपल्या वेगाच्या काट्यावरचा आकडा टिपायचा. तोच पुरावा. म्हणजे गाडी मागे पडली तर गुन्हेगार निसटला एवढ्यावर भागत नव्हतं, वेग मोजलाच जात नव्हता.

म्हणून 1982 मध्ये 406 मस्टँग घेतल्या गेल्या. 157 अश्वशक्ती, चार गिअर, दोन दारं. दोन दारांची गाडी पोलिसांना कशी चालेल, आरोपीला बसवायचं कुठे, हा आक्षेप तेव्हा होता आणि तो रास्त होता. तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता, कारण आधी गाठलं तरच नंतर बसवायचा प्रश्न. फोर्डने नंतर जाहिरातच केली, की ही गाडी पोर्शच्या मागे धावून पोट भरते. 1993 पर्यंत अशा सुमारे 15,000 मस्टँग बनल्या आणि अनेक राज्यांत गेल्या.

आत बसलं की फरक कळतो. त्या काळच्या साध्या मस्टँगचा काटा 85 मैलांवर संपायचा, हिचा 140 पर्यंत जायचा आणि तो तपासून प्रमाणित केलेला असायचा. इंजिन ऑइल थंड करायला वेगळा कूलर, रेडिएटरला सिलिकॉनच्या नळ्या. चालकाच्या दाराच्या कडेला कारखान्याचा स्टिकर असतो, त्यावर खास ऑर्डरचा क्रमांक. साध्या गाडीवर दिवे आणि पट्टे चढवून ‘अस्सल’ म्हणून विकणारे बरेच आहेत, म्हणून जाणकार बॉनेट उघडण्याआधी दार उघडतात.

आता नावाचा घोळ. या गाडीवरच्या साहित्याचं अधिकृत नाव ‘स्पेशल सर्व्हिस पॅकेज’. ‘पोलीस पॅकेज’ हा शब्द फोर्डच्या मोठ्या चार दारी गाड्यांना लागायचा. शेवरलेची 1991 ते 2002 ची कॅमारोही ‘स्पेशल सर्व्हिस’च, तर कॅप्रिस मात्र ‘पोलीस’. त्या काळी ‘स्पेशल सर्व्हिस’ म्हणजे ताफ्यातली सर्वांत वेगवान गाडी. पुढे याच कंपन्यांनी मोठ्या एसयूव्ही पोलिसांना विकताना हाच शब्द नेमका उलट वापरला. शेवरलेच्या टाहो या एसयूव्हीच्या एका प्रकाराला ‘पर्स्यूट’ म्हटलं, म्हणजे पाठलागासाठी योग्य ठरवलेली. दुसरीला ‘स्पेशल सर्व्हिस’, म्हणजे हिने पाठलाग करू नये. शब्द तोच, अर्थ विरुद्ध. आजचा अर्थ मनात धरून जुन्या मस्टँगला ‘दुय्यम पोलीस गाडी’ म्हणणाऱ्यांची चूक इथेच होते.

आपल्याकडच्या वाचकाला ‘इंटरसेप्टर’ या शब्दाने आणखी चकवा बसतो. महाराष्ट्रात इंटरसेप्टर म्हणजे महामार्गाच्या कडेला उभी असलेली, स्पीडगन बसवलेली गाडी. ती जागच्या जागी वेग मोजते. फोर्डने मात्र हे नाव क्राउन व्हिक्टोरिया या चार दारी पोलीस गाडीला दिलं, आणि ती 2011 पर्यंत बनत होती.

17 जून 1994 चा, ओ. जे. सिम्पसन बसलेल्या पांढऱ्या फोर्ड ब्रॉन्को गाडीचा पाठलाग बहुतेकांच्या लक्षात आहे, पण तो संथ होता. वरून हेलिकॉप्टर होती आणि अख्खा देश टीव्हीसमोर. आकाशातून नजर ठेवता येऊ लागली तशी जमिनीवर भरधाव गाडी घालण्याची गरज कमी झाली. 2007 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्यातल्या एका पाठलागात पोलिसांच्या बाजूने निकाल दिला, तरी कधी मागे लागायचं आणि कधी सोडून द्यायचं, यावर वाद चालूच आहे.

मस्टँगने केलेला एक पाठलाग मात्र पोलिसांचा नव्हताच. अमेरिकी हवाई दलाने यू-2 या हेरगिरीच्या विमानासाठी ती वापरली. जाड दाबपोशाखात बसलेल्या वैमानिकाला उतरताना खालचं नीट दिसत नाही आणि विमानाची मुख्य चाकं सायकलसारखी एकामागे एक. म्हणून धावपट्टीवर मागून गाडी सुसाट सोडतात. गाडी चालवणाराही यू-2 चा वैमानिकच. जमीन किती फूट खाली उरली, ते तो रेडिओवर सांगत राहतो: दहा, पाच, तीन, दोन.