भंगारवाल्याला न परवडणारी बॅटरी

नाशिकमध्ये इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी कुणी घंटागाडीत टाकत नाही. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो, नाहीतर अंबड लिंक रोडच्या एखाद्या भंगार दुकानात ती काट्यावर चढते आणि किलोच्या भावाने पैसे हातात पडतात. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे आणि शिशाची संयुगे असतात, आणि शिसे वितळवून पुन्हा विकणे सोपे असते. (मागच्या शेडमध्ये ते वितळवताना धुराचे आणि सांडलेल्या ॲसिडचे काय होते, हा वेगळा आणि फार वाईट विषय आहे.) पण एवढे खरे, की शिशाच्या बॅटरीला परतीचा रस्ता कुणी दाखवावा लागत नाही. पैसाच तिला ओढून नेतो.

इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीचे तसे नाही. आज या गाड्यांबद्दल बोलणे निघाले की गप्पा पेट्रोलच्या बचतीवर सुरू होतात आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कोळशावर संपतात. मुख्यतः कोळशावर बनलेली वीज वापरूनही गाडीच्या पूर्ण आयुष्याचा कार्बनचा हिशेब बहुतेक अभ्यासांत पेट्रोल गाडीपेक्षा कमीच निघतो, तेव्हा तो वाद बाजूला ठेवू. खरी अडचण नवव्या-दहाव्या वर्षी सुरू होते, आणि ती गाडीच्या पोटाखाली असते.

मध्यम आकाराच्या कारचा ४० युनिट (किलोवॉट-तास) वीज साठवणारा बॅटरी पॅक घ्या. वजन तीनशे किलोच्या आसपास. बाहेरून पाहिला तर चपटा, रुंद, बोल्टने आवळलेला आणि सीलंटने बंद केलेला धातूचा ट्रे. झाकण निघाले की सेलच्या रांगा दिसतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी कूलंट खेळवणारी पट्टी असते. सेल एकमेकांना आणि ट्रेला घट्ट चिकटवलेले असतात, त्यांच्या टोकांवर धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या, आणि मधून भडक नारिंगी केबल गेलेल्या. नारिंगी रंग म्हणजे हाय व्होल्टेज. डॅशबोर्डवर शून्य टक्के दिसत असले तरी शंभरेक सेल ओळीने जोडलेल्या पॅकमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज शिल्लक असते. बारा व्होल्टच्या बॅटऱ्या उघड्या हाताने उचलायची सवय असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? छिन्नी एखाद्या सेलमध्ये घुसली तर आत शॉर्ट होतो, सेल तापतो, शेजारच्याला तापवतो आणि पुढे ती साखळी थांबवणे अवघड. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो. आग विझली असे वाटून सगळे घरी गेल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, पॅक पुन्हा पेटल्याची उदाहरणे जगात आहेत.

एवढा धोका पत्करून आतून काय मिळते? लिथियम जेमतेम चार किलो. बाकी तांबे, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट, प्लास्टिक आणि कॅथोडचा, म्हणजे सेलच्या धन बाजूचा पदार्थ. खरा प्रश्न या कॅथोडचा. काही बॅटऱ्यांत तो निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा असतो. कोबाल्ट महाग, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या काँगोतून येते. अशी बॅटरी फोडून धातू काढणे परवडू शकते. दुसरा प्रकार एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. ती स्वस्त असते, सहजी पेटत नाही आणि जास्त चार्जिंग झेलते. भारतातल्या परवडणाऱ्या गाड्यांत मुख्यतः हीच दिसते, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी मला ती निवड योग्यच वाटते. पण लोखंड आणि फॉस्फेटला भंगारात कोण विचारतो! घेताना जी बॅटरी शहाणपणाची, तीच टाकताना नकोशी.

पुनर्वापराची रीतसर पद्धत अशी : पॅक आधी पूर्ण डिस्चार्ज करायचा, सुटा करायचा, सेल ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात किंवा पाण्याखाली भरडायचे, तांबे-ॲल्युमिनियम चाळून काढायचे आणि उरलेली काळी पूड ॲसिडमध्ये विरघळवून एकेक धातू वेगळा करायचा. या प्रत्येक पायरीला यंत्र, वीज आणि शिकलेला माणूस लागतो. त्यात लिथियमचा भाव बेभरवशाचा. २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेला लिथियम कार्बोनेटचा दर २०२४ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कोसळला. गाडी घेणाऱ्याची त्यात चांदी झाली, पण पुनर्वापर करणाऱ्याचे गणित बसेना.

कायदा मात्र झाला आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराची आहे. तिला जमिनीत पुरणे किंवा जाळणे चालत नाही. २०२६-२७ पासून बॅटरीतले ९० टक्के साहित्य परत मिळवायचे आहे, आणि २०२७-२८ पासून नव्या ईव्ही बॅटरीत किमान ५ टक्के साहित्य पुनर्वापरातले हवे. हेच प्रमाण २०३०-३१ पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचे आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण अपघातात सापडलेली, विम्याने निकालात काढलेली, दोन हात बदललेली गाडी मालेगावच्या गॅरेजमागे उभी असेल, तर तिच्या पॅकचा मागोवा कोण घेणार? तीनशे किलोचा धोकादायक माल ट्रकमध्ये घालून दूरच्या कारखान्यापर्यंत न्यायचे भाडे कुणाच्या खिशातून जाणार? शिशाच्या बॅटरीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिचे भाडे तीच भरते.

मालकाच्या खर्चाचेही पाहू. बॅटरी एका दिवसात मरत नाही. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढावा, तसा सेलमधल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक थर वर्षानुवर्षे वाढत जातो आणि थोडेथोडे लिथियम अडकवून ठेवतो. उष्णतेत हे वेगाने होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये शंभर टक्के चार्ज करून गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवणे टाळावे. निफाडच्या थंडीत अडचण वेगळी असते. तापमान पाचच्या खाली गेले की जलद चार्जिंगमध्ये लिथियम धातूच्या रूपात साचण्याचा धोका वाढतो, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते.

बऱ्याच कंपन्या ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी देतात. ती संपल्यावर काय? जगातला पॅकचा सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरपेक्षा जास्त होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. त्या हिशेबाने ४० युनिटचे चार लाखांच्या घरात होतात. सुटा पॅक बदलताना मजुरी आणि इतर खर्च वेगळा, शिवाय आपल्याकडची एक गंमत : गाडीबरोबर आलेल्या बॅटरीवर जीएसटी ५ टक्के, तीच सुटी घेतली तर १८ टक्के. जुनी गाडी दुरुस्त करून वापरणाऱ्यालाच हा भुर्दंड. हे कधीतरी बदलायला हवे.

क्षमता ७० टक्क्यांवर आली की पॅक कारसाठी थकला असे धरतात, पण एका जागी ठेवून वीज साठवायला तो अजून बरा असतो. ३० युनिटच्या जुन्या पॅकमध्ये २१ युनिट उरतात. तीन एचपीचा पंप त्यावर सहा-सात तास चालेल. दिंडोरी-निफाडकडे, जिथे द्राक्षाला पाणी द्यायला रात्रीच्या विजेची वाट पाहतात, तिथे सोलरला जोडून हा उपयोग सुचणे साहजिक आहे. अडते ते एकाच ठिकाणी : कुठला सेल किती थकलाय हे तपासल्याशिवाय जुना पॅक शेतघरात ठेवणे धोक्याचे, आणि ती तपासणी करायला कंपनीकडची माहिती लागते. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक ईव्ही बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय, त्यात रसायन आणि तब्येत दोन्ही नोंदलेले असतील. आपल्याकडे जुनी ईव्ही घेताना निदान बॅटरीच्या तब्येतीचा, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थचा रिपोर्ट सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागावा. टायर आणि किलोमीटर त्यानंतर पाहिले तरी चालेल.