हॅरॉल्डचं शेंडेनक्षत्र आणि आठ वर्षांची चूक

शाळेतल्या मुलांसमोर धूमकेतूंवर बोलायची वेळ आली की मी त्यांना एक वजाबाकी घालतो. हॅलीचा धूमकेतू शेवटचा १९८६ साली आला. तो दर ७६ वर्षांनी येतो, असं तुम्ही पाठ केलंय. मग बारा फेऱ्या मागं जा, कोणतं साल येतं? मुलं पटकन सांगतात, १०७४. वजाबाकी अगदी बरोबर, आणि तरी साल चूक. त्या फेरीला धूमकेतू आला तो १०६६ मध्ये. १०७४ उजाडेपर्यंत नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर पक्का बसलेला होता, आणि ज्याच्या कारकिर्दीत ते शेंडेनक्षत्र उगवलं तो अँग्लो-सॅक्सन राजा हॅरॉल्ड रणात पडून सात वर्षं उलटली होती.

ही आठ वर्षं गेली कुठं? विज्ञानातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टींपैकी ही एक आहे. ती आत्ता सांगायला निमित्त मिळालं बायो टॅपेस्ट्रीचं. फ्रान्समधल्या बायो गावचं हे जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वीचं कापड ब्रिटिश म्युझियमला उसनं देण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. ठरल्याप्रमाणे सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ ते लंडनमध्ये मांडलं जाणार आहे.

नाव टॅपेस्ट्री असलं तरी हे मागावर विणलेलं चित्र नाही. हे भरतकाम आहे. जेमतेम अर्धा मीटर रुंद आणि सुमारे ७० मीटर लांब लिननच्या पट्टीवर रंगीत लोकरीच्या धाग्यांनी नॉर्मन विजयाची, म्हणजे विल्यमनं हॅरॉल्डला हरवून इंग्लंड जिंकल्याची, अख्खी हकीकत भरली आहे. विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो यानं ते करवून घेतलं आणि सुई चालवली ती इंग्लंडमधल्या हातांनी, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यात एके ठिकाणी माणसांचा घोळका वर बोटं दाखवतोय. आकाशात ज्वाळांची शेपटी लावलेला एक तारा आहे आणि शेजारी लॅटिन शब्द भरलेत, ‘इस्ती मिरान्त स्तेल्ला’, म्हणजे हे लोक ताऱ्याकडे अचंब्यानं बघताहेत. लगेच पुढं सिंहासनावर हॅरॉल्ड, त्याच्या कानाशी कुणीतरी काही सांगतंय, आणि खालच्या किनारीत रिकाम्या होड्यांच्या नुसत्या बाह्यरेषा. अजून न आलेलं आरमारच जणू.

भरणाऱ्यांनी इथं वेळेची सरमिसळ केली आहे. हॅरॉल्डच्या आधीचा एडवर्ड राजा ५ जानेवारी १०६६ ला वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्डचा राज्याभिषेक झाला. कापडावर राज्याभिषेकाला लागूनच धूमकेतू येतो. प्रत्यक्षात तो इंग्लंडमध्ये दिसला २४ एप्रिलला, साडेतीन महिन्यांनी. ही तारीख अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. बखरकार म्हणतो, काही लोक याला ‘केसाळ तारा’ म्हणतात आणि तो सबंध आठवडा तळपत होता. ग्रीकांनीही याला लांब केसांचा म्हटलं आणि आपण शेंडीवरून शेंडेनक्षत्र. डोळ्यांना सगळीकडे तेच दिसलं.

बखरीतला तो ‘सबंध आठवडा’ मात्र वाचून सोडून देण्यासारखा नाही. हॅलीचा धूमकेतू पृथ्वीच्या उलट दिशेनं सूर्याभोवती फिरतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं इकडून जातेय आणि सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर असताना तो सुमारे ४१ किलोमीटर वेगानं तिकडून येतोय. दोन्ही वेग मिळून ७० च्या घरात जातात, म्हणजे दिवसाला साठ लाख किलोमीटर. त्या एप्रिलच्या अखेरीस तो आपल्यापासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवर आला होता. या वेगानं आठवडाभरात तो चार कोटी किलोमीटर पार जातो आणि त्याचं तेज झपाट्यानं उतरतं. बखरकारानं फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि ते कक्षेच्या गणिताशी तंतोतंत जुळतं. चीनमध्ये सोंग राजवटीच्या निरीक्षकांनी तर तो एप्रिलच्या सुरुवातीलाच पहाटेच्या आकाशात टिपला होता.

आता त्या आठ वर्षांकडे येऊ.

१०६६ ते ११४५ या फेरीला धूमकेतूनं ७९ वर्षं घेतली. १८३५ ते १९१० ची फेरी साडेचौऱ्याहत्तर वर्षांच्या आत उरकली. म्हणजे ‘७६’ ही एक ढोबळ सरासरी आहे. तो वेळापत्रक का पाळत नाही, याचं मुख्य उत्तर आहे गुरू. पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा हा ग्रह धूमकेतू आत येताना आणि बाहेर जाताना दर वेळी वेगळ्या ठिकाणी असतो. कधी त्याची ओढ धूमकेतूला पुढं खेचते, कधी मागं. ही ओढ किती मोठी असावी लागते? इथंच खरी गंमत आहे, त्यामुळे थोडं गणित सहन करा.

चेंडू सरळ वर फेका. जरा जास्त जोरानं फेकला तर तो जास्त उंच जातो आणि उशिरा परत येतो. धूमकेतूचंही तेच आहे. सूर्याजवळून जाताना त्याचा वेग किंचित वाढला, तर तो लांब जातो आणि पुढच्या वेळी उशिरा उगवतो. केप्लरचा तिसरा नियम आठवा. काळ वर्षांत घेतला आणि कक्षेच्या लांब अक्षाची निम्मी लांबी खगोलीय एककात घेतली, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, तर काळाचा वर्ग म्हणजे त्या लांबीचा घन. ७५ वर्षांच्या फेरीला ही लांबी १७.८ येते आणि ७९ वर्षांच्या फेरीला १८.४. आता वेग. वेगाचा वर्ग हा ‘दोन भागिले सूर्यापासूनचं अंतर, वजा एक भागिले ही निम्मी लांबी’ याच्या प्रमाणात असतो. हॅलीचा धूमकेतू सूर्याच्या सर्वात जवळ, ०.५९ एककावर असतो तेव्हा यातलं पहिलं पद जवळपास ३.४ असतं आणि दुसरं जेमतेम ०.०५५. फेरी ७५ ची ७९ झाली तरी दुसऱ्या पदात फरक पडतो ०.००२ च्या आसपास. त्याचा वेगात हिशेब करा. तिथं धूमकेतूचा वेग सेकंदाला साधारण ५४,५०० मीटर आहे, आणि चार वर्षांच्या फरकाला त्यात बदल लागतो फक्त १५-१६ मीटरचा.

सेकंदाला १६ मीटर म्हणजे ताशी ५८ किलोमीटर, रस्त्यावर धावणाऱ्या एसटीचा वेग. ताशी जवळजवळ दोन लाख किलोमीटर वेगानं चाललेल्या एका डोंगराएवढ्या बर्फाळ गोळ्याच्या वेगात एसटीएवढा फरक पडला, की त्याची परत येण्याची वेळ चार वर्षांनी हलते. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

स्वतः एडमंड हॅलीला हे जाणवलं होतं. १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच, असं त्यानं १७०५ मध्ये मांडलं. पण पहिलं अंतर ७६ वर्षांहून थोडं जास्त आणि दुसरं ७५ हून थोडं कमी. यामागं गुरू असणार, हा अंदाज त्याचाच. पुढचा फेरा १७५८ च्या सुमारास, एवढं सांगून तो १७४२ मध्ये गेला. नेमकी तारीख काढायचं काम पॅरिसमध्ये अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी हाती घेतलं. सहा महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत, कधीकधी जेवतानासुद्धा आकडेमोड चाले, असं लालांदनं लिहून ठेवलंय. उत्तर आलं, धूमकेतूला ६१८ दिवस उशीर होईल. त्यातले ५१८ दिवस गुरूमुळे आणि १०० शनीमुळे. तो एप्रिल १७५९ च्या मध्याला सूर्याजवळ पोहोचेल, फार तर महिनाभर इकडेतिकडे. तो पोहोचला १३ मार्चला. युरेनस आणि नेपच्यूनचा तेव्हा पत्ताही नव्हता, तरी चूक महिनाभराचीच. क्लेरोनं पुढं आपल्या ग्रंथात लपोतबाईंचा उल्लेखच गाळला, म्हणून त्यांचं नाव इथं मुद्दाम ठळकपणे सांगतोय.

गुरू, शनी, सगळे ग्रह हिशेबात धरले तरी एक खुसपट उरतंच. धूमकेतू दर फेरीला आणखी चारेक दिवस उशीर करतो. याचं उत्तर १९५० मध्ये फ्रेड व्हिपलनं दिलं. धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळ तापला की त्यातून वायूचे फवारे सुटतात आणि त्यांच्या उलट दिशेला गोळ्याला ढकल बसते. आपल्याकडे ऊन डोक्यावर बारा वाजता असतं, पण उकाड्याचा कहर दोन-तीनच्या सुमारास होतो. धूमकेतूही स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे फवाराही माध्यान्हीनंतर, दुपारच्या अंगाला जोर धरतो. हॅलीच्या बाबतीत ही दुपारची बाजू प्रवासाच्या दिशेच्या मागच्या अंगाला येते. फवारा मागं सुटतो, ढकल पुढं बसते, आणि पुढं ढकल म्हणजे उशीर. चेंडू आठवा.

१९८१ मध्ये डोनाल्ड योमन्स आणि ताओ कियांग यांनी या सगळ्यासकट धूमकेतूला गणितानं मागं मागं नेलं. इसवी सन ८३७ ला मोठी अडचण आली. त्या वर्षी धूमकेतू पृथ्वीपासून केवळ पन्नास लाख किलोमीटरवरून गेला, आणि एवढ्या जवळून जाताना खुद्द पृथ्वीनंच त्याला हिसका दिला. हिशेबातली केसभर चूक तिथं फुगते. चिनी निरीक्षकांच्या जुन्या नोंदींचा आधार घेऊन त्यांनी तो दुवा सांधला. १०६६ चं उत्तर अर्थातच त्याच्या अलीकडचं. धूमकेतू सूर्याच्या सर्वात जवळ होता तो २० मार्चला. बारा फेऱ्या आणि ९२० वर्षं, म्हणजे दर फेरीला ७६ वर्षं आठ महिने. आपली हरवलेली आठ वर्षं ती हीच, बारा फेऱ्यांत आठ-आठ महिन्यांनी विखुरलेली.

मग हॅरॉल्ड हरला तो शेंडेनक्षत्रामुळे का? राजा जातो, राज्य बुडतं ही समजूत आपल्याकडेही खोलवर रुजलेली आहे. पण तोच धूमकेतू विल्यमच्या डोक्यावरही होता आणि नॉर्वेच्या हॅराल्ड हार्दरादाच्याही. एक जिंकला, दुसरा आणि तिसरा मेले. शकुन नेमका कुणाचा? हॅरॉल्डला नडली रसद, वारा आणि पायपीट. त्यानं उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर फौज बसवून ठेवली. ८ सप्टेंबरला शिधा संपला आणि ती मोडावी लागली. विल्यमचं आरमार अनुकूल वाऱ्याची वाट बघत इंग्लिश खाडीच्या पलीकडे अडकून पडलं होतं. तेवढ्यात हार्दरादा उत्तरेत उतरला. हॅरॉल्ड सुमारे तीनशे किलोमीटरची दौड मारून गेला आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला त्यानं त्याला संपवलं. दोनच दिवसांत खाडीवरचा वारा फिरला आणि २८ तारखेला विल्यम पेव्हन्सीला उतरला. तीच दौड उलटी मारून दमलेली फौज १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या टेकाडावर ढालीला ढाल भिडवून उभी राहिली, आणि दिवस मावळेपर्यंत लढली. पळाल्याचं सोंग करणाऱ्या नॉर्मन घोडेस्वारांच्या मागं धावताना ढालींची भिंत ठिकठिकाणी फुटली. सप्टेंबरातला वारा तीन आठवडे आधी फिरला असता तर किनाऱ्यावर ताजी फौज उभी होती. यात २४ एप्रिलच्या ताऱ्याला करायला काही काम उरत नाही.

हा रोग जुनाच आहे असं नाही. २०२५ मध्ये ३आय/ॲटलस हा दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहमालेतून आलेला धूमकेतू सापडला आणि तो परग्रहवासीयांचं यान असल्याच्या बातम्या आठवडेच्या आठवडे फिरल्या. दूरवरच्या ताऱ्याकडची धूळ आपल्या दारावरून जाते, याहून मोठं आश्चर्य आणखी कशाला हवं?

बायोचं कापड ब्रिटिश म्युझियममध्ये येईल, तेव्हा त्याच संस्थेच्या संग्रहात बॅबिलोनच्या मातीच्या विटाही असतील. कीलाक्षरी लिपीतल्या या विटांवर इसवी सनपूर्व १६४ मधल्या एका धूमकेतूच्या नोंदी आहेत. तो कोणत्या बाजूला आधी दिसला, कोणत्या तारकांजवळून गेला, एवढंच त्यात आहे. १९८५ मध्ये त्या वाचून गणिताशी ताडून पाहिल्या गेल्या. तोही हॅलीचाच धूमकेतू निघाला, १०६६ च्या सोळा फेऱ्या आधीचा.