सेन्योर दे लोस मिलाग्रोस

पेरूची राजधानी लिमा येथील क्रूसावरील ख्रिस्ताचे भित्तिचित्र व त्याच्या नावाने दर ऑक्टोबरात निघणारी मिरवणूक. नावाचा अर्थ ‘चमत्कारांचा प्रभू’. ‘सावळा ख्रिस्त’ असेही लोक म्हणतात.

परंपरेनुसार १६५१ च्या सुमारास पाचाकामिया या वस्तीत अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने हे चित्र मातीच्या भिंतीवर रंगवले. १६५५ च्या भूकंपात आसपासची घरे पडली, ती भिंत मात्र उभी राहिली. कृष्णवर्णीय भक्त तिथे जमून गाऊ-वाजवू लागले. हा गोंगाट अधिकाऱ्यांना रुचला नाही आणि १६७१ मध्ये चित्र पुसण्याचा हुकूम निघाला. पुसायला चढलेल्या माणसाला कापरे भरले, अशी आख्यायिका आहे. हुकूम मागे घेतला गेला, एवढे खरे; त्याच वर्षी तिथे पहिली मिसा (ख्रिस्ती उपासनाविधी) झाली. वस्तीचे नाव मूळ रहिवाशांच्या पाचाकामाक या देवावरून आले असून तोही भूकंपाचाच देव. त्यामुळे जुनी श्रद्धा नव्या रूपात टिकली, हे काही अभ्यासकांचे मत पटण्यासारखे आहे.

१६८७ च्या भूकंपानंतर चित्राची तैलरंगातील प्रत रस्त्यावर फिरवण्यात आली आणि मिरवणूक सुरू झाली. १७४६ च्या ऑक्टोबरात लिमा उद्ध्वस्त झाले, काय्याओ बंदर समुद्राच्या लाटेने धुऊन नेले. त्यानंतर ऑक्टोबर महिना कायमचा ठरला. ज्यांच्या देवाला सत्तेने पुसायचे ठरवले होते, त्यांचाच देव असा साऱ्या शहराचा रक्षणकर्ता झाला. मूळ भिंत आज नाझारेनास चर्चमध्ये मुख्य वेदीमागे आहे.

मिरवणुकीतील पालखी टनाहून जड असते. भक्तांच्या बंधुमंडळाच्या वीस तुकड्या तिला आळीपाळीने खांदा देतात. हे खांदेकरी पुरुष. डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या स्त्रिया धूप जाळत, पालखीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात. जांभळा झगा व कमरेला पांढरी दोरी हा भक्तांचा वेश नाझारेना या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाकडून आला. महिनाभर शहर जांभळे होते. आलियान्सा लिमा हा फुटबॉल संघदेखील या महिन्यात त्या रंगात खेळतो.

या दिवसांतील खास गोड पदार्थ म्हणजे ‘तुर्रोन दे दोन्या पेपा’. बडीशेपेच्या स्वादाच्या कुरकुरीत कांड्यांचे थर, मध्ये गुळाचा फळे घालून आटवलेला पाक आणि वर रंगीत साखरगोळ्या. हात लुळे पडलेली एक गुलाम स्त्री बरी झाल्यावर तिने तो प्रथम केला, असे सांगतात. स्थलांतरित पेरूवासी माद्रिद, मिलान, न्यूयॉर्क येथेही मिरवणूक काढतात.